दोन वास्तवांचा सिनेमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायफाय सिनेमांचा विषय निघाला की थोड्याच वेळात गाडी ‘पण मग खरं काय होतं?’ या प्रश्नावर येऊन थांबते. मला स्वतःला हे सिनेमे शेवटापेक्षा सांध्यापाशी जास्त कळतात. सांधा म्हणजे एक वास्तव संपून दुसरं सुरू होतं ती जागा. कधी ती एक भिंत असते, कधी घामाचा एक थेंब, कधी कुठेच न उघडणारा एक झगा. खालच्या उत्तरांत मी अशाच जागांवर बोट ठेवत गेलो आहे. त्या ओघात बऱ्याच सिनेमांचे शेवट उघड झाले आहेत. ज्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत त्यांनी सरळ शेवटच्या प्रश्नाकडे जावं आणि पाहून झाल्यावर परत यावं.

‘वेगवेगळी वास्तवं’ म्हणजे नेमके कुठले सिनेमे?

मी त्यांची ढोबळ तीन घराणी मानतो. पहिलं रचलेल्या जगाचं: माणूस ज्या जगात राहतो ते दुसऱ्या कुणीतरी उभं केलेलं असतं. ‘द मॅट्रिक्स’ (१९९९), ‘डार्क सिटी’ (१९९८) आणि ‘द ट्रुमन शो’ (१९९८) या घराण्यातले. दुसरं मनातल्या जगाचं: स्वप्न, आठवण, भ्रम. इथे ‘टोटल रिकॉल’ (१९९०), ‘इन्सेप्शन’ (२०१०) आणि माझ्या मते या सगळ्यांत थोर असलेला ‘सोलारिस’ (१९७२). तिसरं शेजारच्या जगांचं: आपल्यासारखीच, पण एखाद्या निर्णयापाशी वेगळी वळलेली विश्वं. ‘कोहिरन्स’ (२०१३) आणि ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ (२०२२) तिथे बसतात. घराणी एकमेकांत मिसळतात, पण कुठला प्रश्न कुठल्या सिनेमाला विचारायचा हे ठरवायला एवढी विभागणी पुरते.

‘मॅट्रिक्स’मध्ये सगळं हिरवट का दिसतं? माझ्या टीव्हीवर तर तसं जाणवत नाही.

मॅट्रिक्स म्हणजे यंत्रांनी माणसांच्या मेंदूत चालवलेलं संगणकातलं खोटं जग. त्याच्या आतले प्रसंग हिरवट आणि बाहेरच्या उद्ध्वस्त जगातले निळसर, असा रंगांचा नेम या सिनेमात पाळलेला आहे. हिरवा आला जुन्या संगणकांच्या पडद्यावरून, जिथे काळ्यावर हिरवी अक्षरं उमटत. पडद्यावरून ओघळणाऱ्या त्या प्रसिद्ध अक्षरांतही बरीचशी जपानी काताकाना लिपीतली, उलटी फिरवलेली अक्षरं आहेत.

तुम्हाला हिरवा जाणवत नसेल तर त्याची दोन कारणं असू शकतात. एक तर टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर असेल; तो प्रत्येक रंग भडक करतो आणि छायाचित्रकाराने ठेवलेला फरक पुसून टाकतो. टीव्ही ‘सिनेमा’ मोडवर लावून पाहा. दुसरं कारण आवृत्तीचं. १९९९ साली थिएटरमध्ये लागलेल्या प्रिंटमध्ये हिरवा बेताचाच होता. पुढचे भाग आल्यानंतर निघालेल्या डीव्हीडी आणि ब्लू-रेमध्ये तो चढवला गेला, आणि २०१८ च्या फोर-के आवृत्तीत छायाचित्रकार बिल पोप यांच्या देखरेखीखाली पुन्हा मूळ रूपाच्या जवळ आणला गेला. म्हणजे दोन मित्र ‘मॅट्रिक्सचा रंग’ यावर हिरिरीने वाद घालतात तेव्हा दोघांनी दोन निराळ्या गोष्टी पाहिलेल्या असू शकतात. मला बेताचा हिरवा आवडतो. नायकाला जे जग नेहमीचं वाटतं ते आपल्यालाही आधी नेहमीचंच वाटायला हवं; पहिल्या मिनिटालाच ते आजारी दिसलं तर शोधायला काही उरत नाही.

रंगाशिवाय आणखी काय वापरतात?

बरंच काही. आंद्रेई तार्कोव्हस्की यांच्या ‘स्टॉकर’मध्ये (१९७९) बाहेरचं जग मातकट, तपकिरी छटेत आहे आणि निषिद्ध ‘झोन’मध्ये शिरल्यावर रंग येतो. तिथे जाताना तिघं रेल्वेच्या रुळांवरून एका ट्रॉलीवर बसून निघतात. कॅमेरा बराच वेळ त्यांच्या डोक्यांच्या मागेच असतो, चाकांचा खडखडाट हळूहळू चमत्कारिक घुमू लागतो, आणि मग एकाएकी हिरवं गवत. सांधा इथे आधी कानांनी कळतो आणि मग डोळ्यांनी.

‘इन्सेप्शन’मध्ये हवामान आणि जागा वापरल्या आहेत. पहिल्या थरात पाऊस, दुसऱ्यात हॉटेल, तिसऱ्यात बर्फ. चार ठिकाणी एकदम चालणारी घटना आपण न गोंधळता पाहू शकतो याचं मोठं श्रेय या साध्या व्यवस्थेला आहे. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर…’मध्ये विश्व बदलतं तशी चौकटीची लांबी-रुंदीही बदलते. आणि जर्मन दिग्दर्शक राइनर वर्नर फासबिंडर यांनी १९७३ साली दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘वर्ल्ड ऑन अ वायर’मध्ये फक्त आरसे आणि काचा आहेत. प्रत्येक खोलीत माणसाबरोबर त्याची एक-दोन प्रतिबिंबं उभी असतात. संगणकाच्या आतलं जग दाखवायला त्यांच्याकडे आजच्यासारखी साधनं नव्हती, आणि त्यांना ती लागलीही नाहीत.

‘टोटल रिकॉल’मध्ये शेवटी सगळं खरं असतं की स्वप्न?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे. उत्तर देण्याआधी पुरावे मांडतो.

बांधकामावर काम करणारा क्वेड नकली आठवणी विकणाऱ्या कंपनीत जातो आणि मंगळावरच्या हेरगिरीची सहल मागतो. खुर्चीत बसवून त्याला तयार केलं जात असताना तिथला तंत्रज्ञ कार्यक्रमाचं नाव वाचतो आणि म्हणतो की मंगळावर निळं आकाश, हे नवीनच. क्वेडने निवडलेल्या स्त्रीचा चेहरा पडद्यावर येतो, आणि पुढे मंगळावर त्याला भेटणारी मेलीना हुबेहूब तशीच असते. सिनेमा संपतो तेव्हा मंगळावर हवा तयार झालेली असते आणि आकाश निळं झालेलं असतं. स्वप्नाच्या बाजूने याहून भक्कम पुरावा काय हवा?

आता दुसरी बाजू. मध्यावर क्वेडच्या हॉटेलच्या खोलीत एक डॉक्टर येतो. शांतपणे सांगतो, तू इथे नाहीस, अजून त्याच खुर्चीत आहेस, आणि मीही तुझ्या डोक्यात पाठवलेली प्रतिमा आहे. एक लाल गोळी पुढे करतो, परतीची खूण म्हणून. क्वेड गोळी तोंडात ठेवतो. तेवढ्यात त्याला डॉक्टरच्या चेहऱ्यावरून ओघळणारा घामाचा थेंब दिसतो. नुसती प्रतिमा असेल तर ती घाबरेल कशाला? क्वेड त्याला गोळी घालतो आणि तोंडातली गोळी थुंकून टाकतो.

माझं मत विचाराल तर दिग्दर्शक पॉल व्हर्होवेन यांनी दोन्ही बाजू शेवटपर्यंत तोलून धरल्या आहेत. मरण्यापूर्वी तो डॉक्टर बजावतो की गोळी नाकारलीस तर एका क्षणी तू बंडखोरांचा तारणहार होशील, परग्रहावरच्या संस्कृतीचीही स्वप्नं पडतील. पुढच्या अर्ध्या सिनेमात नेमकं तेच घडतं. आणि अखेरच्या चुंबनावर पडदा काळा न होता पांढरा होतो. तो पांढरा रंग मंगळावरच्या नव्या सूर्याचा की निकामी होणाऱ्या मेंदूचा, हे सिनेमा सांगत नाही. ज्याला जगात आपण कुणीतरी मोठे असावं असं आतून वाटतं, त्या साध्या कामगाराला ‘तू साधाच आहेस’ हे सत्य कुणी गोळीतून दिलं तर तो ती गिळेल का? घामाचा थेंब त्याला हवा होता म्हणून दिसला, असंही वाचता येतं. मला हा प्रसंग त्यासाठीच फार मोलाचा वाटतो.

‘इन्सेप्शन’चा भोवरा पडतो का?

नायक कॉबजवळ एक छोटा भोवरा असतो: पडला तर जाग, फिरतच राहिला तर स्वप्न. शेवटी भोवरा डगमगतो आणि सिनेमा कट होतो, एवढंच पडद्यावर आहे. त्यात काम केलेले अभिनेते मायकेल केन यांनी सांगितलं आहे की, मी ज्या प्रसंगात आहे तो खरा, असं दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी मला सांगितलं होतं. आणि शेवटच्या प्रसंगात केन आहेत. पण त्या क्षणी कॉबकडे पाहा. तो भोवरा फिरवतो आणि मुलांचे चेहरे दिसताच पाठ फिरवून निघून जातो. सबंध सिनेमाभर जो माणूस भोवरा पडेपर्यंत श्वास रोखून बसायचा, तो या वेळी थांबतच नाही.

‘सोलारिस’ इतका संथ का आहे? त्यात काय पाहायचं?

संथ आहे, जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे, आणि पहिला बराचसा भाग पृथ्वीवरच जातो. पाण्याखालच्या शेवाळाच्या वेली, तळं, वडिलांचं घर, अंगणात अचानक कोसळणारा पाऊस. मग मोटारीचा तो लांबच लांब प्रवास, जो टोकियोच्या रस्त्यांवर आणि बोगद्यांत चित्रित केला आहे. पहिल्यांदा पाहताना मलाही वाटलं होतं की हे थोडं कापता आलं असतं. आता वाटतं, तो पाऊस मनात मुरायला तेवढा वेळ लागतो, आणि तो मुरला नाही तर शेवट कळत नाही.

स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ च्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला, आणि लेम यांना तो पसंत पडला नव्हता. सोलारिस ग्रहावरचा महासागर विचार करू शकतो. वर घिरट्या घालणाऱ्या अवकाशस्थानकातल्या माणसांच्या आठवणींतून तो माणसं घडवतो आणि त्यांच्याकडे पाठवतो. मानसशास्त्रज्ञ केल्विन तिथे पोहोचतो, झोपतो, आणि उठतो तेव्हा समोर हारी बसलेली असते, वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली त्याची बायको.

तो तिला कपडे बदलायला सांगतो. झगा सुटत नाही. तो मदतीला जातो आणि पाहतो तर झगा काढायला जागाच नाही. कुठेच उघडत नाही. शेवटी कात्री घेऊन कापावा लागतो. या साध्या प्रसंगात सगळं आलं. केल्विनच्या आठवणीत झगा आहे, त्याचा रंग आहे, पण तो काढायचा कसा हे त्या आठवणीत नाही, म्हणून महासागरानेही ते दिलेलं नाही. आपल्या गेलेल्या माणसांच्या आठवणी अशाच असतात ना? चेहरा आठवतो, लुगड्याचा काठ आठवतो, पण पदर कुठल्या हाताने सावरायची ते नाही आठवत.

आणि मग सिनेमा वळतो. आधी जी केवळ प्रत होती ती हळूहळू स्वतःबद्दल विचार करू लागते. आपण ती हारी नाही हे तिला कळतं, आणि त्याचं दुःख होतं. स्थानकात मूळचं सगळं जपून ठेवलेली शास्त्रज्ञ मंडळी कोरडी झालेली आहेत आणि जी ‘खोटी’ आहे ती सगळ्यांत जास्त माणूस झाली आहे. मग खोटी म्हणायचं कुणाला?

आणखी एक जागा चुकवू नका. स्थानकावरचा स्नाउट केल्विनला सुचवतो की रात्री हवेच्या झडपेला कागदाच्या पट्ट्या लावून ठेव, पानांच्या सळसळीसारखा आवाज येतो. अवकाशात, पृथ्वीपासून इतक्या लांब, झोप यावी म्हणून कागदाची पानं. हेही कृत्रिम वास्तवच, हाताने केलेलं, आणि त्यात कुणाची फसवणूक नाही.

‘मॅट्रिक्स’ म्हणजे आपला मायावादच ना?

आपल्याकडे हे वाक्य लगेच येतं, आणि त्यात तथ्यही आहे. तिसऱ्या भागाच्या (२००३) अखेरच्या श्रेयनामावलीत बृहदारण्यक उपनिषदातलं ‘असतो मा सद्गमय’ ऐकू येतं. त्याच भागात रामचंद्र, कमला आणि त्यांची मुलगी सती अशी पात्रं आहेत. पण दोन्ही गोष्टी एकच म्हटल्या की दोन्हींवर अन्याय होतो.

मॅट्रिक्समध्ये फसवणारं कुणीतरी आहे: यंत्रं. आणि जागं झाल्यावर जायला दुसरी जागा आहे, मग ती कितीही भकास का असेना. ही मांडणी फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त यांच्या जवळची आहे. १६४१ साली त्यांनी कल्पना केली की एखादा दुष्ट, समर्थ राक्षस मला सतत फसवत असेल तर मला खात्रीने काय माहीत आहे? आपल्या वेदान्तातला दोरीवरचा साप असा कुणी ठेवलेला नसतो. दिवा आणला की साप जातो आणि दोरी तिथेच असते. आपण कुठे दुसरीकडे जात नाही. ज्ञानेश्वर तर ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचंच खंडन करतात, आणि दिसणाऱ्या जगाकडे चैतन्याचा विलास म्हणून पाहतात. मॅट्रिक्सच्या नायकाला ते जग मोडायचं असतं. ज्ञानेश्वरांना मोडायला काही उरतच नाही.

मला विचाराल तर या सिनेमांचा खरा आप्त ‘योगवासिष्ठा’त आहे. लवण राजाच्या दरबारी एक जादूगार येतो. राजा थोडाच वेळ निश्चल बसतो, पण तेवढ्यात तो एका चांडाळ वस्तीत सबंध आयुष्य काढतो: लग्न, मुलं, दुष्काळ, उपासमार. भानावर येतो तर दरबार तसाच. इथवर गोष्ट स्वप्नाची. पण पुढे राजा विंध्याच्या रानात जातो आणि ती वस्ती खरोखरच तिथे असते. त्याच्या आठवणीतली माणसंही भेटतात. एवढं धाडस करणारे सिनेमे थोडेच आहेत.

मग ‘मॅट्रिक्स’मध्ये विचार करण्याजोगं काही आहे की नुसती मारामारी?

आहे. नायकाच्याच गटातला सायफर मॅट्रिक्समधल्या एका झगमगीत हॉटेलात बसून काट्यावरचा मांसाचा तुकडा पाहतो. हा तुकडा नाही हे त्याला माहीत आहे, चव मेंदूत भरली जात आहे हेही माहीत आहे. बाहेरच्या जगात वर्षानुवर्षं पांढरट लापशी खाऊन तो थकला आहे. तो तुकडा तोंडात घालतो, डोळे मिटतो, आणि त्याच टेबलावर मित्रांना विकून टाकतो. सत्य कळलं की माणूस सुटतो, असं सगळा सिनेमा सांगतो. हा एक प्रसंग विचारतो की कळल्यानंतरची नऊ वर्षं तो जगणार कशावर. सायफर खलनायक आहे, पण त्याची भूक खोटी नाही.

१९९८-९९ च्या सुमाराला असे सिनेमे एकदम कसे आले?

‘डार्क सिटी’, ‘ट्रुमन शो’, ‘मॅट्रिक्स’, ‘एक्झिस्टेन्झ’, ‘द थर्टीन्थ फ्लोअर’: दीड-एक वर्षात पाच. इंटरनेट घराघरांत शिरत होतं, व्हिडिओ गेमची चित्रं खऱ्यासारखी होऊ लागली होती आणि संगणकावर तयार केलेली दृश्यं सिनेमाच्या आवाक्यात आली होती. मुळं मात्र जुनी आहेत. ‘थर्टीन्थ फ्लोअर’ आणि फासबिंडर यांचा ‘वर्ल्ड ऑन अ वायर’ दोन्ही डॅनियल गलूय यांच्या १९६४ च्या एकाच कादंबरीवरून आले.

या पाचांतला ‘डार्क सिटी’ सगळ्यांत दुर्लक्षित राहिला, याची मला खंत आहे. त्यात शहरातल्या प्रत्येकाला ‘शेल बीच’ माहीत असतो, लहानपणी तिथे गेल्याचं आठवतं, पण रस्ता कुणालाच सांगता येत नाही. शेवटी नायक तिथे पोहोचतो तेव्हा समोर असतं भिंतीवर चिकटवलेलं समुद्राचं पोस्टर. तो भिंत फोडतो. पलीकडे काळं अवकाश. यातले काही सेट पुढे सिडनीत ‘मॅट्रिक्स’साठीही वापरले गेले.

समांतर विश्वांना विज्ञानात आधार आहे का?

एक गंभीर मांडणी आहे. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली सुचवलं की पुंजयांत्रिकीत, म्हणजे अणूइतक्या सूक्ष्म जगाच्या भौतिकशास्त्रात, मोजमाप करताना अनेक शक्यतांपैकी एकच उरते असं मानायची गरज नाही. सगळ्या प्रत्यक्षात येतात, वेगवेगळ्या शाखांत. सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांना ती मान्य नाही. आणि त्या मांडणीत एका शाखेतून दुसरीत जाता येत नाही. सिनेमे जायला लावतात, कारण गेल्याशिवाय गोष्ट नाही.

‘कोहिरन्स’ त्यातला मला विशेष प्रिय. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किट यांनी तो स्वतःच्याच घरात पाच रात्रींत चित्रित केला, आणि नटांना पूर्ण संहिता दिली नव्हती. धूमकेतू जवळून जात असताना आठ मित्र जेवायला जमतात, दिवे जातात, रस्त्यापलीकडे एकच घर उजळलेलं दिसतं. ते त्यांचंच असतं. अंधारात चमकणाऱ्या कांड्यांचा रंग एवढाच काय तो फरक: आपली निळी, त्यांची लाल. बाहेर जाऊन परत आलेला माणूस आपल्याच घरात परत आला का, हे आता फक्त कांडीवरून कळणार. खर्चाशिवाय एवढी धास्ती दुसऱ्या कुणी क्वचितच उभी केली असेल.

‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर…’ला सात ऑस्कर मिळाले. त्यातल्या कुंगफूपेक्षा मला आठवतात ते कड्यावरचे दोन दगड: आई आणि मुलगी, ज्या विश्वात जीवसृष्टीच झाली नाही तिथल्या. आवाज नाही, फक्त वारा आणि पडद्यावर अक्षरं.

मराठीत असं काही आहे का?

सिनेमात मला सांगण्याजोगं नाही, कथेत आहे, आणि ते अव्वल आहे: जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोहोचतात जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून चालू आहे, कारण पानिपतावर मराठे जिंकले. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी त्या इतिहासात थोडक्यात हुकली. कथेत कारणमीमांसेसाठी पुंजयांत्रिकी येते. पण सांधा पाहा: गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं एक फाटकं पान उरलेलं असतं. अकरावीला एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात हीच गोष्ट अनुवादाने अनेकांनी वाचली असेल. ती मराठीत वाचा. पानिपत हा शब्द मराठी माणसाच्या कानावर जसा पडतो तसा दुसऱ्या भाषेत पडत नाही. यावर मराठीत सिनेमा व्हावा असं मला मनापासून वाटतं. त्याला मोठा सेट लागणार नाही. एक रेल्वेचा डबा, एक ग्रंथालय आणि ते पान.

आपणही सिम्युलेशनमध्ये आहोत का?

सिम्युलेशन म्हणजे संगणकात चालवलेलं नकली जग. तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रम यांचा २००३ चा युक्तिवाद यासाठी सांगितला जातो, पण तो ‘आहोत’ असं म्हणत नाही. तो म्हणतो की तीनपैकी एक गोष्ट बहुधा खरी: प्रगत होण्याआधीच संस्कृती नष्ट होतात, किंवा प्रगत झाल्यावर त्या असली सिम्युलेशन करत नाहीत, किंवा आपण त्यातच आहोत.

असे सिनेमे पाहून कुणाला त्रास होतो का?

बहुतेकांना तासभर विचित्र वाटतं आणि मग भूक लागते. पण ‘ट्रुमन शो’नंतर, त्यातल्या नायकासारखं आपलंही आयुष्य म्हणजे चित्रित होणारा कार्यक्रम आहे असं ठामपणे मानणाऱ्या रुग्णांची नोंद जोएल आणि इयन गोल्ड या भावांनी केली आहे. सिनेमाने आजार होतो असं त्यातून निघत नाही. भ्रमाला त्या काळातलं रूप मिळतं. कुणी सातत्याने असं बोलू लागलं तर वाद न घालता डॉक्टरांकडे न्यावं.

कुठून सुरुवात करू?

‘ट्रुमन शो’ घरातल्या सगळ्यांबरोबर. मग ‘मॅट्रिक्स’, मग लगेच ‘डार्क सिटी’. ‘टोटल रिकॉल’ १९९० चाच घ्या. त्यात रक्तपात बराच आहे, मुलं झोपल्यावर लावा. ‘कोहिरन्स’ मित्रांना जेवायला बोलावून, जेवण झाल्यावर. ‘सोलारिस’ एकट्याने, रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ‘वर्ल्ड ऑन अ वायर’चे दोन भाग आहेत. पहिला संपताना नायकाला जे कळतं त्यानंतर दुसरा तिथल्या तिथे लावायचा मोह होईल. तो आवरा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या. १९७३ साली जर्मनीत दूरचित्रवाणीवर हे दोन भाग वेगवेगळ्या रात्रीच दाखवले गेले होते.